खिडकी लहान, भागाकार लांब

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. चाचणीत १/१७ चं दशांशरूप विचारलं होतं. त्याने कॅल्क्युलेटरवर ०.०५८८२३५ काढलं, पुढे अंक नाहीत म्हणून ‘खंडित’ लिहिलं. गुण गेले. उत्तर ‘अखंड आवर्ती’ म्हणे. पण आवर्तन दिसतंय कुठे?
– एक पालक, सातारा

उत्तर : मुलाने दिसलं तेच लिहिलं हो! पण साध्या कॅल्क्युलेटरच्या खिडकीत आठच अंक मावतात. जागा संपली, भागाकार नाही.

एकतीस वर्षं हा धडा शिकवला. मुलं भागाकडे बघतात, बाकीकडे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून मी फळ्यावर बाकी लाल खडूने लिहायचे. १/७ घ्या. दहाला सातने भागलं : भाग १, बाकी ३. तिसाला भागलं : भाग ४, बाकी २. पुढे बाकी ६, ४, ५ आणि मग पुन्हा १. निघालो होतो तिथेच आलो, आता १४२८५७ हेच फिरत राहणार. सातने भागताना शून्य सोडलं तर बाक्या सहाच. सातव्या खेपेला जुनी एखादी यावीच लागते. सतराला अशा सोळा बाक्या, आणि हा पठ्ठ्या त्या सगळ्या फिरून येतो.

परीक्षेत एवढं करायला वेळ कुठला? तिथे छेदाचे मूळ अवयव पाडा. फक्त २ आणि ५ निघाले तर खंडित, कारण १०, १००, १००० यांच्या पोटात दुसरं काही नसतंच. आधी अतिसंक्षिप्त रूप मात्र हवं. ६/१५ मध्ये तीन दिसला की मुलं ‘आवर्ती’ लिहून मोकळी होतात. ते असतं २/५, म्हणजे ०.४.

१९५७ साली नवे पैसे आले तरी माझ्या वडिलांच्या तोंडी आणे-पै शेवटपर्यंत होते. आणा म्हणजे १/१६ रुपया, सव्वासहा पैसे, ०.०६२५ वर संपला. पै म्हणजे १/१९२. त्या १९२ मध्ये एक तीन दडलाय, म्हणून ०.००५२०८३३३… पैचा हिशेब दशांशात पुरा होतच नाही.

रविवारी मुलाला १/१७ हाताने करू द्या. सोळा अंक आले की पहिले आठ वर, पुढचे आठ खाली मांडून बेरीज करायला सांगा. आठही ठिकाणी नऊ आला नाही, तर कुठेतरी वजाबाकी चुकलीय.