माहेरची बाळंतीण आणि दारातून परत गेलेली आशाताई

वाचकांचे प्रश्न : उत्तरं देत आहेत विदर्भातल्या खेड्यांत नोकरी केलेल्या निवृत्त आरोग्यसेविका

प्रश्न : पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी, घाटंजी तालुक्यात आले आहे. सासर वरोऱ्याकडचं. सरकारी दवाखान्यात मुलगी झाली, आज नऊ दिवसांची आहे. जन्मतः वजन २ किलो ३०० ग्रॅम भरलं. तिसऱ्या दिवशी गावातली आशाताई आली, पण आजीनं बाळाला काट्यावर घालू दिलं नाही. वजन केलं की नजर लागते म्हणते. सातव्या दिवशी तर दारातूनच परत पाठवलं. डॉक्टरांनी तपासलंच आहे, मग घरी येऊन पुन्हा काय पाहतात? आणि मी सासरी गेल्यावर पुढं कोण येणार?

उत्तर : पोरी, आधी आशाताईला निरोप धाड. चौदाव्या दिवसाची वाट पाहू नको, उद्याच बोलाव. तुझी लेक अडीच किलोच्या आतली आहे. अशा बाळाचे पहिले दिवस डोळ्यांत तेल घालून काढावे लागतात.

डॉक्टरांनी पाहिलं ते त्या दिवसाचं बाळ. कावीळ त्यानंतर चढते, नाळेत पू मागून होतो, दूध पुरतं की नाही हे तर घरी आल्यावरच कळतं. म्हणून दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताईनं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. आजीला हेही सांग की ही पद्धत आपल्या गडचिरोलीतली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरोघरी घ्यायला लावली. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानानं तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे जगापुढं आलं आणि २०११ पासून आशाताईंमार्फत देशभर हेच काम सुरू झालं.

नजरेवरून आजीशी भांडू नको. तिचा जीव त्या लेकरातच आहे. मी नोकरीत असताना काट्याची झोळी आजीच्याच हातात देत असे. दार लोटून घ्यायचं, बाळ तिनंच झोळीत ठेवायचं, आकडा मोठ्यानं कोणी म्हणायचा नाही, फक्त कार्डावर लिहून आईला दाखवायचा. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतंच, त्याला घाबरू नये. पण दोन आठवड्यांत ते जन्माच्या आकड्यावर परत आलं पाहिजे, आणि काट्यावर घातल्याशिवाय ते कळणार कसं?

दोन भेटींच्या मधल्या दिवसांत तू स्वतः एक गोष्ट पाहत जा. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लाव, मग तळपायाला. दोन्ही कोमट असले तर ठीक. पोट गरम आणि पाय गार लागले तर बाळाला थंडी वाजते आहे. लगेच कपडे काढून उघड्या छातीशी धर, वरून दोघींना पांघरूण घे, डोक्यावर टोपडं असू दे. पोटही गार लागलं तर तसंच छातीशी धरून दवाखाना गाठ. आपल्याकडं ऊब म्हणून बाजेखाली शेगडी ठेवतात, दार-खिडकी लावून धुरी देतात. तो धूर एवढ्याशा छातीला सोसत नाही, ते बंद कर. नाळेवर हळद, तेल, राख काही नको, कोरडी राहू दे. घुटी नको, मध नको, पाणीसुद्धा नको. सहा महिने फक्त अंगावरचं दूध.

बाळ दूध ओढेना, मलूल पडलं, अंगात ताप आला, झटका आला, श्वास घेताना छाती आत ओढली जाते किंवा निवांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास भरतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, यातलं एकही दिसलं तर आशाताईचीही वाट पाहायची नाही. १०२ किंवा १०८ ला फोन कर. एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत, गाडीही मोफत.

आता सासरचं. बाळ जिथं आहे तिथल्या आशाताईनं भेट द्यायची असते, मग नाव कुठंही नोंदलेलं असो. भेटी दोन गावांत वाटल्या गेल्या तर मोबदलाही दोघींत वाटून देण्याची सोय नियमात आहे, तेव्हा कोणी “तुमचं नाव तिकडं” म्हणून टाळलं तर तसं सांग. पण तू निघण्याआधी सासूबाईंकडून तिकडच्या आशाताईचा नंबर घे, इकडच्या ताईला तिच्याशी बोलायला लाव, आणि माता-बाल कार्ड पिशवीत सगळ्यात वर ठेव. पहिलटकरणीच्या भेटी चुकतात त्या बहुतेक याच माहेर-सासरच्या मधल्या वाटेवर. ते मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रश्न : मुलगा साडेपाच महिन्यांचा आहे, चांगला आहे. तरी आशाताई येणार म्हणते. बायको कापूस वेचायला जाते, घरी आई असते. आता कशाला?

उत्तर : दादा, ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याच्या भेटी ठरलेल्या आहेत. सहाव्या महिन्याची सगळ्यांत कामाची, कारण तेव्हा वरचं खाणं सुरू होतं आणि आपल्याकडं नेमकं तेव्हा वरणाचं वरचं पाणी पाजतात. त्यात जीव नसतो. वरणभात घोटून, चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट, वर थोडं तेल किंवा तूप घालून द्यायचा, आणि अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. बायको दिवसभर वेचणीला असेल तर भरवणार तुमची आई, म्हणून ताईशी बोलायला त्यांना पुढं बसवा. आणि आशाताईला फोन करून संध्याकाळची वेळ मागून घ्या, म्हणजे बायको शेतातून आलेली असेल आणि तुम्हीही घरी असाल.