बायकोला सहावा महिना आहे. बीपी वाढू नये म्हणून आई तिला अळणी जेवण देते. हे बरोबर आहे का? आणखी काय खायला द्यावं?

बरोबर नाही. आजच बंद करा.

माझ्या धाकट्या बहिणीला सासरी असंच अळणी वाढायचे. पहिलटकरीण, काळजीपोटीच करत होते, पण भाजीला मीठ नाही, आमटीला नाही. तिची जेवणावरची वासनाच उडाली, दोन घासांत उठायची. त्याहून वाईट म्हणजे, मीठ बंद आहे तर बीपी कशाला वाढेल, या भरवशावर आठव्या महिन्यातली तपासणी पुढे ढकलली. बांगड्या हातात रुतायला लागल्या, तोंड सुजलं, तर "अंगावर पाणी धरलंय, बाळंतपणात उतरेल." डोकं ठणकायला लागलं, तर पित्त झालं म्हणून आलेपाक. फोनवर ती मला म्हणाली, ताई, डोळ्यांपुढे काजवे चमकतात गं. मी तिच्या नवऱ्याला त्या क्षणी गाडी काढायला लावली. बीपी 170/110, लघवीत प्रोटीन. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं दिली आणि सिझर केलं. बाळ दीड किलोचंही नव्हतं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं.

आज मायलेकी ठणठणीत आहेत. पण बारशाला तिच्या मावससासूबाई चारचौघींत म्हणाल्या, "चोरून लोणचं खाल्लं असणार." जी पोर महिनाभर अळणी जेवली, तिला हे ऐकावं लागलं.

या आजाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात आणि त्याचं मूळ वारेत असतं. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या वारेसाठी रुंदावायला हव्यात, त्या नीट रुंदावत नाहीत. वारेला रक्त कमी पडतं आणि 20 आठवड्यांनंतर आईचं बीपी, किडनी, लिव्हर यांवर त्याचा परिणाम दिसतो. लोणच्याच्या फोडीनं हे होत नाही आणि अळणी खाऊन टळत नाही.

खाण्यातली कामाची गोष्ट म्हणजे कॅल्शियम. ज्यांच्या जेवणात ते कमी असतं त्या गरोदर बायकांना जागतिक आरोग्य संघटना रोज 1.5 ते 2 ग्रॅम द्यायला सांगते. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात. ती लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं. नाचणी, दूध, ताक, तीळ, उसळी, अंडी असं पोटभर जेवू द्या. मीठ घरात सगळ्यांना असतं तेवढंच.

हो, तिला आधीपासून बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा. जुळं असेल, वय 35 च्या पुढे असेल, आईला-बहिणीला हा त्रास झाला असेल, तर तेही आपणहून सांगा.

बीपी मात्र प्रत्येक तपासणीला मोजलंच पाहिजे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत असते. 140/90 किंवा वर गेलं, डोकं थांबेना, डोळ्यांपुढे चमकलं, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर रात्र असली तरी निघा.

आणि आईशी तुम्ही स्वतः बोला, बायकोला बोलायला लावू नका. बारशाच्या दिवशी माझ्या बहिणीचा नवरा तिथेच उभा होता. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्याला ठाऊक होतं, तरी तो एक शब्द बोलला नाही. तुम्ही बोला.