पिल्लू तुमचं, मग पहाटेची फेरी आई-बाबांची का?

अमेरिकेतल्या एडिसनहून एका ताईंचं दोन पानी पत्र आलंय. प्रश्न पाच आहेत, पण मी एकाच ठिकाणी अडकले. त्या लिहितात, ‘मार्चअखेर ८ आठवड्यांचं लॅब्रॅडॉर आणतोय. आम्ही दोघं ऑफिसात, मुलं शाळेत. पण एप्रिलमध्ये सासू-सासरे येताहेत, सहा महिने आहेतच. तोवर पिल्लू शिकेल आणि त्यांचाही वेळ जाईल.’

ताई, रागावू नका, पण ‘त्यांचाही वेळ जाईल’ हे इथे आल्यापासून मी फार ऐकलंय. आधी नातवंडांच्या बाबतीत ऐकलं, आता कुत्र्यांच्या. मुलांचा हट्ट कळतो मला, तुमची हौसही कळते. पण एवढं लहान पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, साधारण तितकेच तास ते लघवी धरतं. म्हणजे तुमचं पिल्लू फार तर तीन तास, तेही झोपेत. जागं असताना उठलं की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळलं की बाहेर. दिवसाला आठ-दहा फेऱ्या, शिवाय रात्रीचं उठणं. दर फेरीला पट्टा अडकवायला कमरेत वाकायचं. सत्तरीच्या गुडघ्यांनी?

आमच्या घरी काय झालं ते सांगते. धाकट्यासाठी बीगल आणलं तेव्हा आई साताऱ्याहून आलेली होती. पहाटे पाचला पिल्लू कुंई कुंई करायचं आणि आम्हाला जाग यायच्या आत आई उठलेली असायची. ‘तुम्हाला कामावर जायचंय, झोपा,’ म्हणायची. आम्ही झोपायचो. फेब्रुवारीत एका पहाटे मागच्या पायरीवर बर्फ गोठला होता. आईच्या पायात माझ्या सैल चपला, साडीवर ह्यांचं जॅकेट, हातात पट्टा. घसरली आणि मनगट मोडलं. इमर्जन्सीत मी तिच्या विम्याचे कागद शोधत होते आणि ती विचारत होती, ‘पिल्लाचं बाहेर झालं का गं?’ तेव्हापासून ह्या विषयावर मला गप्प बसवत नाही.

शिकवणंही त्यांच्यावर सोडू नका. पिल्लू नव्या जगाला बिचकत नाही ते साधारण १४ आठवड्यांपर्यंतच. तुमच्या हाती जेमतेम सहा आठवडे उरतात. तेवढ्यात छत्रीवाला माणूस, शाळेची बस, व्हॅक्यूम क्लीनर, सगळं दाखवायचं. लशी १६ आठवड्यांपर्यंत चालतात, म्हणून बाहेर कडेवर घेऊन हिंडवायचं. ज्यांना इथला रस्ता ओलांडायची धास्ती वाटते, त्यांनी हे करायचं का?

घरात शब्दही एकच हवा. आमच्याकडे मुलं ‘सिट’ म्हणायची, हे ‘डाऊन’, आई ‘बस रे राजा’. पिल्लू तिघांकडे बघत उभंच. शेवटी फ्रिजवर कागद चिकटवला : बस, थांब, ये, सोड. मराठीच ठेवा, कुत्र्याला चालतं आणि आजी-आजोबांनाही सोपं जातं.

तेव्हा दोघांनी एकापाठोपाठ आठवडा-आठवडा रजा काढा. रात्रीचा गजर तुमच्या उशाशी. दुपारसाठी पैसे देऊन माणूस ठेवा. हे जमत नसेल तर पिल्लू पुढच्या वर्षी आणा. सासऱ्यांना हौस असेल तर संध्याकाळी अंगणात चेंडू टाकू देत, पण पट्टा आणि शी उचलायची पिशवी तुमच्याच हातात.

बाकीचं थोडक्यात. आमटी-भाजी द्यायची नाही, कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी मोडतात. शिऱ्यातले मनुके मूत्रपिंडाला घातक असतात. हे सासूबाईंना पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगा. चावणं दात येण्याचं आहे, सहा-सात महिन्यांचं झालं की कमी होतं. देवघराच्या दाराशी मुलांचं जुनं फाटक लावा. डिसेंबरात भारतात जाताना कुत्र्याचं बोर्डिंग, म्हणजे पैसे देऊन त्याला ठेवायची जागा, आधीच ठरवा, तिथे लशींचे कागद मागतात. बरोबर न्यायचं मनातही आणू नका. १ ऑगस्ट २०२४ पासून भारतासारख्या रेबीजच्या देशांतून कुत्रा अमेरिकेत परत आणण्याचे नियम कडक झालेत.

आणि सासू-सासऱ्यांची तिकिटं काढण्याआधी सासूबाईंना फोन करून विचारा. त्या ‘आणा की, आम्ही आहोतच’ म्हणतील. ते लगेच होकार म्हणून धरू नका. माझी आईही असंच म्हणाली होती.