'द कार'मध्ये गिटार कुठे गेली?

आपला प्रश्न असा आहे की, 'एएम' हा अल्बम वारंवार ऐकून आर्क्टिक मंकीज हा ब्रिटिश रॉक बँड आवडू लागला, मग त्यांचा २०२२ चा अल्बम 'द कार' लावला, तर त्यात गिटार फारशी ऐकूच आली नाही. सगळीकडे पियानो आणि व्हायोलिन. तेव्हा या बँडने रॉक सोडून दिला का, आणि हा अल्बम खरे तर गायक अ‍ॅलेक्स टर्नरचा एकट्याचाच आहे असे का मानू नये? २००६ पासून या बँडचा प्रत्येक अल्बम मी तो आला त्या दिवसांतच ऐकत आलो आहे, आणि आपली ही निराशा २०१८ मध्ये मीही अनुभवली आहे. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

माझ्या मते या बँडचा बदल समजून घेताना 'कोणती वाद्ये वाजली' यापेक्षा 'गाण्याची चाल कुठे आणि कशावर बांधली गेली' हे पाहिल्यास बऱ्याच गोष्टी उलगडतात. शेफिल्डच्या चार तरुणांचा २००६ चा पहिला अल्बम पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये ३ लाख ६० हजारांहून अधिक खपला आणि त्याच वर्षी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीचे मर्क्युरी पारितोषिकही मिळाले. ती गाणी एका खोलीत, चौघांनी एकाच वेळी वाजवून घडवलेली गाणी होती. मॅट हेल्डर्सचे ड्रम्स अखंड धावत असत, दोन्ही गिटार एकमेकींना छेद देत असत आणि टर्नर शेफिल्डच्या बोलीत, गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ जाणाऱ्या वेगाने शब्द फेकत असे. अशा सरावाच्या खोलीत जन्मलेल्या गाण्यात कोणालाही थांबायला जागा नसते. सगळ्यांनी सतत वाजवणे हाच त्या संगीताचा स्वभाव असतो.

'हंबग' या अल्बमच्या वेळी, २००९ मध्ये, अमेरिकन रॉक संगीतकार जॉश होमी यांच्यासोबत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ध्वनिमुद्रण झाले आणि गाण्यांचा वेग उतरला, आवाज जड आणि काळोखा झाला. त्यानंतरचा 'सक इट अँड सी' अधिक मोकळा आणि गोड आहे. २०१३ च्या 'एएम'मध्ये मात्र रचनेचा पायाच बदललेला दिसतो: आधी संथ, हिप-हॉपच्या वळणाचा ठेका, त्यावर एकच ठसठशीत रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी स्वरावली), आणि वर उंच पट्टीतल्या आवाजांची साथ. आपल्याला जो अल्बम 'खरा रॉक' वाटतो, त्यातही गिटार सलग वाजत नाही. ती एक वाक्य बोलते आणि गप्प राहते. 'द कार'मधल्या शांततेची सुरुवात माझ्या कानांना तिथेच ऐकू येते.

मग पियानो आला. टर्नरला तिसाव्या वाढदिवसाला त्याच्या व्यवस्थापकांनी स्टाइनवेचा एक उभा पियानो भेट दिला, आणि २०१८ च्या 'ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो'ची गाणी त्याने लॉस एंजेलिसच्या घरात त्या पियानोवर रचली. हा तपशील बहुतेक परीक्षणांत एक गमतीदार माहिती म्हणून येतो. मला मात्र तो या साऱ्या बदलाचा गाभा वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

रॉक गिटारवर चाल बांधताना हात बहुधा पॉवर कॉर्ड धरतो, म्हणजे षड्ज आणि पंचम एवढेच स्वर, मधला गंधार गाळलेला. याचे कारण साधे आहे. डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत केल्यामुळे, प्रत्येक स्वरातून पुष्कळ उपस्वर उमटतात आणि तीन-चार वेगळे स्वर एकत्र वाजवले तर ते एकमेकांत मिसळून गढूळ होतात. शिवाय हाताची तीच ठेवण गिटारच्या मानेवर वर-खाली सरकवली की रिफ तयार होते, आणि ती फिरून फिरून परत येते. पियानोवर असे बंधन नसते. डावा हात खर्ज धरून ठेवतो आणि उजव्या हाताचे एकच बोट हलले तरी संपूर्ण कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा, रंग बदलतो. अशा जागी चाल मुखड्याकडे परत येण्याची घाई करत नाही. ती कॉर्डमागून कॉर्ड शोधत पुढे जाते, आणि गायकाला शब्द लांबवायला, उशिरा उचलायला, मध्येच सोडून द्यायला अवकाश मिळतो. 'द कार'मधले टर्नरचे गाणे ऐकताना तो ओळीच्या आधी किंचित थांबतो आहे, असे वारंवार जाणवते. त्या थांबण्याची सवय या पियानोने लावली असावी, असे मला वाटते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. 'द कार'चे ध्वनिमुद्रण सफोकमधील बटली प्रायरी या जुन्या वास्तूत, लंडनच्या आरएके स्टुडिओत आणि पॅरिसजवळच्या ला फ्रेट स्टुडिओत झाले, आणि २१ ऑक्टोबर २०२२ रोजी तो प्रसिद्ध झाला. या वेळी व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांचा मोठा ताफा आहे. डिस्टॉर्शन लावलेली गिटार ध्वनीच्या नेमक्या त्याच पट्ट्यात पसरते जिथे गाणाऱ्याचा आवाज आणि व्हायोलिन राहतात, आणि ती हळू-मोठ्यातला फरकही दाबून टाकते. तेव्हा तंतुवाद्यांना खरोखर बोलू द्यायचे असेल तर गिटारला बाजूला सरकावेच लागते. निर्माते जेम्स फोर्ड आणि बँड यांनी तेच केले आहे. गिटार गेलेली नाही. तिचा आवाज स्वच्छ केला आहे आणि काम वाटून दिले आहे. 'आय एन्ट क्वाइट व्हेअर आय थिंक आय अ‍ॅम'मध्ये ती वाह-वाह पेडलवर (पायाने दाबून गिटारचा आवाज 'वाह' असा उघडमिट करणारे उपकरण) जवळजवळ तालवाद्यासारखी वाजते, तर 'मिस्टर श्वार्ट्झ'मध्ये अकूस्टिक गिटार संपूर्ण गाणे हलकेच पेलून धरते.

वाद्यवृंद अचानक आला, हा समजही बरोबर नाही. टर्नरने माइल्स केनसोबत काढलेल्या द लास्ट शॅडो पपेट्स या दुसऱ्या बँडच्या २००८ च्या अल्बममध्ये भरघोस तंतुवाद्ये होती, आणि निर्माते हेच जेम्स फोर्ड होते. त्याही आधी, २००७ च्या 'फेव्हरिट वर्स्ट नाइटमेअर'चा शेवट करणारे '५०५' ऐकून पाहावे: ऑर्गनचे लांब स्वर, संयमाने चढत जाणारा ताण, आणि अगदी अखेरीस उसळणारी गिटार.

हा एकट्या टर्नरचा अल्बम आहे, हे मत मला पटत नाही. शब्द आणि बहुतेक चाली त्याच्या आहेत, हे खरे. पण 'स्कल्प्चर्स ऑफ एनिथिंग गोज' या गाण्याच्या रचनेत गिटारवादक जेमी कुकचाही वाटा आहे, आणि मोग सिंथेसायझर व ड्रम मशीनवर उभे असलेले ते गाणे अल्बममधले सर्वांत जड, सर्वांत धोकादायक वाटणारे गाणे आहे. निक ओ'मॅलीची बेस गिटार या अल्बममध्ये कित्येक ठिकाणी दुसरी चालच गाते. आणि हेल्डर्स! एके काळी ज्याच्या वेगावर गाणी तगत होती, तो वादक येथे मोजकेच आघात करतो आणि तरीही लय सैल पडू देत नाही. कमी वाजवून गाणे धरून ठेवणे ही माझ्या दृष्टीने त्याची आजवरची सर्वांत परिपक्व कामगिरी आहे. मुखपृष्ठावरील छायाचित्रही त्यानेच टिपलेले आहे.

अल्बम निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. उत्तरार्धात सारख्याच संथ गतीची गाणी पाठोपाठ येतात आणि काही ठिकाणी चालीपेक्षा वातावरणावर अधिक भिस्त ठेवलेली जाणवते. 'बिग आयडियाज'मध्ये तंतुवाद्ये इतकी समृद्ध आहेत की बँड त्यांच्या मागे झाकला जातो.

आपण आता हेडफोन लावून, 'एएम'मागोमाग '५०५' आणि मग थेट 'बॉडी पेंट' ऐकावे, अशी माझी विनंती आहे. ते गाणे पियानोच्या आधाराने, उंच पट्टीतल्या नाजूक आवाजात सुरू होते, तंतुवाद्ये हळूहळू त्यात शिरतात, आणि शेवटाकडे, ऐकणारा गिटारची वाट पाहणे विसरलेला असतो तेव्हा, ती पूर्ण ताकदीने येते. प्रत्यक्ष मैफिलींत बँड हा शेवटचा भाग आणखी लांबवून वाजवतो.