चौदा वर्षांच्या मुलीसाठी ऐतिहासिक कादंबऱ्या, आणि नायिका खंबीर हवी

तुम्ही विचारलंय की मुलगी चौदाची आहे, जादूच्या मालिका वाचून आता कंटाळली आहे, इंग्रजी सहज वाचते. तिला इतिहासात घडणारं काहीतरी द्यायचंय, पण नायिका ‘कुणीतरी येऊन सोडवेल म्हणून खिडकीशी बसलेली’ नको. चार-पाच नावं मागितलीत. देते, पण आधी एक इशारा.

‘सशक्त नायिका’ असं मागच्या पानावर छापलेलं पुस्तक दिसलं की मी जरा सावध होते. भाचीच्या निमित्तानं मी हा प्रकार ढिगानं वाचलाय. त्यातल्या अर्ध्याअधिक नायिका एकाच साच्यातून काढलेल्या. शतक कुठलंही असो, पहिल्या प्रकरणात बाईसाहेब भरतकाम भिरकावतात, दुसऱ्यात भावाची तलवार उचलतात, तिसऱ्यापर्यंत अख्खं गाव त्यांच्या बाजूचं झालेलं असतं. विचार तर असे की कालच कुठल्या परिसंवादातून परतल्यात. असंच एक पुस्तक अर्ध्यात मिटून भाची म्हणाली होती, “मावशी, हिला कुणीतरी आपल्या काळातून तिकडे नेऊन सोडलंय.” बरोबर पकडलं होतं तिनं. या मुलींना बंड करायला काहीच मोजावं लागत नाही.

तेव्हापासून मी एकच बघते: त्या मुलीसमोरचा पेच त्याच काळाचा आहे का? तो उचलून दुसऱ्या कुठल्याही शतकात ठेवता येत असेल, तर इतिहास म्हणजे नुसता पडद्यावर रंगवलेला किल्ला.

या कसोटीवर माझ्या लेखी सगळ्यात वर आहे लॉरी हॉल्स अँडरसनची ‘चेन्स’ (२००८). साल १७७६, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं, आणि नायिका इझाबेल तेरा वर्षांची गुलाम मुलगी. मालकिणीनं मृत्युपत्रात तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला मुक्त केलंय, पण मालकिणीचा पुतण्या ते न जुमानता दोघींना न्यूयॉर्कच्या एका, इंग्लंडच्या राजाशी निष्ठा असलेल्या जोडप्याला विकून टाकतो. आता गंमत बघा. शहरात जो तो स्वातंत्र्याच्या गप्पा मारतोय. इझाबेल घरात पाणी भरताना, वाढताना कान उघडे ठेवते आणि मालकाची कटकारस्थानं बंडखोरांपर्यंत पोचवते, या आशेवर की ते तिला सोडवतील. ते सोडवत नाहीत. ज्यांच्यासाठी जीव धोक्यात घातला, तेच तिला परत मालकिणीच्या हवाली करतात. मग इंग्रजांकडून काही होईल? इंग्रजांनी मुक्तीचं आश्वासन दिलेलं असतं ते बंडखोरांच्या गुलामांना. व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर यानं १७७५ च्या नोव्हेंबरात काढलेला जाहीरनामाही तसाच होता. इझाबेलचा मालक राजाच्या बाजूचा, म्हणजे ती त्यात बसतच नाही! दोन्हीकडचे दरवाजे बंद, आणि दोन्हीकडे घोषणा स्वातंत्र्याच्या. हा पेच १७७६ च्या न्यूयॉर्कमधून उचलून कुठेही नेता येणार नाही. तिची ताकद कुठे दिसते, तर न बोलता ऐकण्यात, सगळं लक्षात ठेवण्यात आणि योग्य वेळेची वाट बघण्यात. मध्ये शिक्षेचा एक प्रसंग फार जिव्हारी लागतो, तेवढं तुम्ही आधी वाचून ठेवा. पुढे आणखी दोन भाग आहेत, पण पहिला तिथला तिथे संपतो असं समजू नका. मुलगी दुसरा मागणारच.

याच्या अगदी उलट चवीची म्हणजे कॅरन कुशमनची ‘कॅथरीन, कॉल्ड बर्डी’ (१९९४). इंग्लंड, साल १२९०. एका छोट्या जमीनदाराची मुलगी रोजनिशी लिहिते. पिसवा चावतात, भरतकामाचा वीट आलाय, आणि बाप तिला पैसेवाल्या स्थळाला खपवायच्या मागे. ती एकेक स्थळ पळवून लावते. एकदा तर नवरदेव आत बसलेला असताना संडासालाच आग लागते, आणि ती कुणी लावली हे वेगळं सांगायला नको. हसून मुरकुंडी वळते, पण मला हे पुस्तक आवडतं ते वेगळ्याच पानांसाठी. त्याच वर्षी राजा पहिला एडवर्ड यानं इंग्लंडमधल्या सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. त्यांतले काही जण जाता जाता बर्डीच्या घरी रात्रीपुरते मुक्कामाला येतात. बर्डी अंधारात लपून बसते, कशाला? तर त्यांना शिंगं आणि शेपट्या असतात असं ऐकलेलं, ते बघायला! दिसतात ती चारचौघांसारखी माणसं, थकलेली. लेखिकेला तिथं आपल्या नायिकेला आधीच शहाणी दाखवता आलं असतं. तिनं तसं केलं नाही. बर्डी तिच्या काळाचे खुळे समज घेऊनच वाढलेली आहे आणि आपल्या डोळ्यांनी बघून त्यातला एक टाकते. (२०२२ चा चित्रपट आधी दाखवू नका. त्यात शेवट बदललाय, आणि पुस्तकातला शेवट जास्त अवघड, म्हणून जास्त खरा वाटतो.)

स्कॉट ओडेलची ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ (१९६०) भाषेनं सोपी आहे, चौदाव्या वर्षी दोन दिवसांत होईल. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडच्या बेटावर एकटी मागे राहिलेली करना. टोळीत बायकांनी हत्यार बनवायचं नाही असा नियम. आता रानटी कुत्री टपलेली आणि सोबतीला कुणी नाही. धनुष्य करायला बसते तेव्हा तिला कुत्र्यांपेक्षा भीती वाटते ती नियम मोडल्याची: चारी दिशांनी वारे येऊन गुदमरवतील का? बघणारं कुणीच नसताना नियम मोडायला लागणारी हिंमत कशी असते, ते या दोन-तीन पानांत आहे. गोष्टीमागे खरी बाई आहे. सान निकोलस बेटावर ती १८३५ ते १८५३ अशी अठरा वर्षं राहिली. शेवटी तिला सांता बार्बराला आणलं, पण तिची भाषा कळणारं तिथे कुणी उरलं नव्हतं, आणि सात आठवड्यांत ती गेली. तिथल्या ख्रिस्ती मिशनमधल्या लोकांनी दिलेलं ‘हुआना मारिया’ हे नाव तेवढं राहिलं. तिचं स्वतःचं नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही.

दुसऱ्या महायुद्धावरच्या पुस्तकांचा तर पूर आलाय. त्यातली दोनच सांगते. एलिझाबेथ वाइनची ‘कोड नेम व्हेरिटी’ (२०१२): दोन मैत्रिणी, एक वैमानिक, एक हेर. हेर मुलगी फ्रान्समध्ये गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या तावडीत सापडलीय आणि तिच्याकडून कबुलीजबाब लिहून घेतला जातोय, कधी हॉटेलच्या कागदांवर, कधी कुणा ज्यू डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनच्या पानांवर. ते डॉक्टर कुठे गेले हे पुस्तक सांगत बसत नाही, कागदच सांगतो. वैमानिक मैत्रिणीचं कामही खरं: ब्रिटनमध्ये तेव्हा दीडशेहून जास्त बायका लढाऊ विमानं कारखान्यातून तळावर नेऊन पोचवत, तीही बिनशस्त्र, आणि १९४३ पासून पुरुषांइतक्याच पगारावर. छळाची वर्णनं आहेत, म्हणून मी हे पंधरानंतर देईन. लिहिणारी मुलगी सगळंच खरं सांगत नाही, एवढं आधी सांगून ठेवलंत तरी चालेल, मजा कमी होत नाही.

दुसरं रूटा सेपेटिसचं ‘बिटवीन शेड्स ऑफ ग्रे’ (२०११). लिथुआनियातली लीना, वय पंधरा, १९४१ च्या जूनमध्ये सोव्हिएत पोलीस घरच्यांसकट रात्रीच्या कपड्यांवर उचलून सायबेरियाकडे नेतात. ती चित्रं काढते आणि त्यांतून वडिलांना निरोप धाडायची धडपड करते. मागवताना मात्र लेखिकेचं नाव नीट बघा! याच्याशी मिळतंजुळतं नाव असलेली एक भलतीच प्रौढ कादंबरी आहे, आणि शोधलं की आधी तीच समोर येते. माझ्या ओळखीत एकीनं ती मुलीसाठी घरी आणलीसुद्धा होती.

पुस्तक संपल्यावर मागची लेखकाची टीप तिला वाचू द्या. खरं किती, रचलेलं किती, हे बरेचसे चांगले लेखक तिथे सांगून टाकतात. आधी मात्र नको, शेवट फुटतो.

सुरुवात बर्डीपासून करा. पहिल्या वीस पानांत ती हसली नाही, तर गुपचूप काढून घ्या आणि ‘चेन्स’ टेबलावर ठेवून द्या. “वाच” म्हणू नका फक्त.