कार्ड खिशात, नाव भलत्याच प्रभागात

मागच्या अंकात मतदानावर सहज चार ओळी काय लिहिल्या, तुम्ही तर पत्रांचा ढीगच लावला बाप्पा. मी शाळामास्तर होतो, म्हणजे इलेक्शन ड्युटी कपाळावरच लिहिलेली. मतपेट्यांपासून मशीनपर्यंत सगळं पाह्यलंय, त्याच भांडवलावर उत्तरं देऊन राह्यलो. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत.

काका, १५ जानेवारी २०२६ ला नागपूर मनपाच्या मतदानाला आम्ही घरचे तिघं गेलो. नवऱ्याचं नाव सापडलं, सासूबाईंचं सापडलं, माझंच नाही. आधी आम्ही जरीपटक्याला होतो, मागच्या वर्षी इकडे आलो. नवऱ्याने दोघांचे फॉर्म मे महिन्यातच भरले, माझा राहून गेला तो मी सप्टेंबरमधे ऑनलाइन भरला, मंजूर झाल्याचा मेसेजही आहे. लोकसभा विधानसभा दोन्हीला मी मत दिलंय, कार्ड हातात होतं, तरी म्हणे नाव नाही तर मत नाही. मग हे कार्ड कायले दिलं? – एक ताई, मानेवाडा

ताई, तुमच्या पत्रातल्या 'सप्टेंबर' या शब्दातच सगळं आलं.

असं आहे की लोकसभा-विधानसभेचं मतदान भारत निवडणूक आयोग घेतो, आणि मनपा, जिल्हा परिषद, नगर परिषद, ग्रामपंचायत हे सगळं राज्य निवडणूक आयोगाकडे आहे, जो ७३व्या-७४व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मधे आला. दोन वेगळी दुकानं. पण या दुसऱ्या दुकानात मतदार यादी तयारच होत नाही, ते पहिल्याकडून विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेची उचलतात आणि प्रभागांप्रमाणे तिचे तुकडे करतात. या वेळची तारीख होती १ जुलै २०२५. त्या दिवशी यादीत तुम्ही जिथे होता तिथेच तुमचं मत. तुमच्या घरच्यांचे मेमधले फॉर्म वेळेत मंजूर झाले म्हणून ते मानेवाड्यात आले, तुम्ही मात्र १ जुलैला कागदोपत्री जरीपटक्यातच होता. मंजुरीचा मेसेज खरा आहे, तुमचं नाव मानेवाड्यात आलं हेही खरं, पण ते पुढच्या यादीत.

आता वाईट वाटेल अशी गोष्ट सांगतो. त्या दिवशी तुमचं नाव जरीपटक्याकडच्या कुठल्यातरी प्रभागाच्या यादीत असणारच होतं, म्हणजे ऑटो करून गेल्या असत्या तर मत देऊन परत येऊन स्वयंपाकही झाला असता. टेबलावरच्या माणसाने एवढं सांगायला पाह्यजे होतं असं मला वाटते, पण त्याच्यापुढे फक्त त्या केंद्राची यादी असते आणि मागे पन्नास लोकांची लाइन, मी त्या खुर्चीवर बसलोय म्हणून थोडी बाजू घेतो त्याची.

कार्डाचं म्हणाल तर कार्ड हे फक्त 'ही बाई तीच आहे' एवढं सांगते. ते नसलं तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटोवालं पासबुक यापैकी काहीही चालते. यादीत नाव नसलं तर मात्र सोन्याचं कार्ड आणा, उपयोग नाही. आपल्याकडे लोक कार्ड लॅमिनेट करून कपाटात ठेवतात आणि यादी वर्षानुवर्षं पाहात नाही, उलटं पाह्यजे खरं तर.

मतदानाआधी प्रभागाची प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागते, आपली नोव्हेंबर २०२५ मधे लागली होती, तेव्हा हरकत घेता येते. पण तिथे नवीन नाव टाकून मिळत नाही हे लक्षात ठेवा. विधानसभेच्या यादीत असून इथे गळलं, किंवा चुकीच्या प्रभागात गेलं, एवढंच दुरुस्त होते. बाकी सगळी कामं त्याच्या कितीतरी आधी, इलेक्शनचा आवाजही नसताना करायची असतात.

काका मी पहिल्यांदाच मत दिलं. एक बटन दाबलं, लाइट लागला, निघालो तर आतल्या मॅडमनी ओरडून परत बोलावलं, म्हणे अजून तीन बाकी आहे. सगळे हसले. हे चार मतांचं काय लफडं आहे? – वय १९, महाल

हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी २०१७ च्या मनपा मतदानात हेच केलं असेल, मनावर घेऊ नको. तू तेव्हा दहा वर्षांचा होता, आणि मधे मार्च २०२२ ला मनपाची मुदत संपली तर चार वर्षं जवळपास प्रशासकच होता, लोक विसरूनच गेले होते कसं करायचं ते.

नागपूर मनपात १५१ नगरसेवक आणि ३८ प्रभाग. ३७ प्रभागांतून चार-चार आणि एकातून तीन, कर हिशोब. म्हणजे प्रभागात चार जागा: अ, ब, क, ड. प्रत्येक जागेची वेगळी निवडणूक समज, फक्त एकाच खोलीत एकाच वेळी घेतलेली. मशीनवर लावलेल्या मतपत्रिकेच्या कागदाचा रंग वेगळा असतो, अ पांढरा, ब गुलाबी, क पिवळा, ड निळा, सगळे फिक्के. प्रत्येक रंगात एक बटन दाबायचं, आणि शेवटचं दाबलं की लांब शिट्टी वाजते, ती वाजली की सुटलास. उमेदवार जास्त असले तर दोन किंवा जास्त मशीन शेजारी ठेवतात, म्हणून नजर शेवटपर्यंत फिरव.

एका जागेवरचं कोणीच पसंत नसेल तर त्या रंगात नोटा दाब, नोटा प्रत्येक जागेला वेगळा आहे. आणि चारही मतं एकाच पार्टीला द्या असं प्रचारवाले सांगतात ते त्यांचं म्हणणं, मशीनचं नाही. अ ला एक पार्टी, क ला दुसरी, ड ला अपक्ष, काहीही चालते. एका दादांनी मागे मला विचारलं होतं की महिला राखीव जागेवर पुरुषांनी मत द्यायचं की नाही. द्यायचं ना भाऊ, राखीव आहे ती उमेदवारी, मतदान सगळ्यांचंच.

विधानसभेला मशीनमधे चिठ्ठी दिसते ती इथे का नाही, असं चार-पाच जणांनी लिहिलं. मनपाच्या मतदानात ती चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट यंत्र लावलेलं नव्हतं, म्हणून नाही दिसली. तुमची मशीन खराब नव्हती.

आमच्या पत्त्यावर नागपूर लिहितात, पिनकोड नागपूरचा, पोरांची शाळा नागपुरात, मग मनपाला आम्हाला मत का नाही? बेसा

कारण तुम्ही बेसा-पिपळा नगर पंचायतीत आहात. पोस्टाची हद्द आणि मनपाची हद्द एक नाही. तुमच्याकडे एक मत नगराध्यक्षाला आणि एक तुमच्या वॉर्डाच्या सदस्याला. शेजारचं हुडकेश्वर-नरसाळा मनपात आलं, म्हणून तिकडचे पाहुणे चार बटनं दाबतात. वाडीवाल्यांची नगर परिषद वेगळी. फ्लॅट घेताना बिल्डर 'नागपुरातच आहे' म्हणते, पण घरटॅक्सची पावती कोणाची येते ते पाहा, मतदान तिथलंच.

गावी काटोलकडे आमचं नाव अजून आहे आणि इथे त्रिमूर्तीनगरलाही आहे. काकाजी म्हणतात गावचं काढू नको, सरपंचाच्या निवडणुकीत एक-एक मत मोलाचं असते. नाव दोन्हीकडे ठेवून मत एकीकडेच दिलं तर काय बिघडते? – एक वाचक

काकाजींचं अर्धं खरं आहे, ग्रामपंचायतीत दोन-चार मतांनी लोक पडतात, आणि म्हणूनच तर गावोगावचे पुढारी शहरातल्या नावांना हात लावू देत नाहीत. पण कायद्याने नाव एकाच ठिकाणी पाह्यजे, १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा कलम १७ आणि १८ मधे साफ सांगते, आणि फॉर्म भरताना 'माझं नाव दुसरीकडे नाही' असं खोटं लिहून दिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. या वेळी तर राज्य आयोगाने संभाव्य दुबार नावापुढे दोन चांदण्या (**) टाकल्या होत्या, आणि अशा माणसाने आधी काही कळवलं नसेल तर केंद्रावर हमीपत्र लिहून घेत होते की मी दुसरीकडे मत दिलं नाही, देणार नाही.

खरं राहणं जिथे आहे तिथलं ठेवा, दुसरीकडचं फॉर्म ७ भरून काढा. आणि काकाजींना म्हणा नाली इथली तुंबते आमची, काटोलचा सरपंच येईल का उपसायला.

मी गडचिरोलीची, हॉस्टेलला राहून शिकते. सतरा पूर्ण झाली. नाव कुठे टाकू, आणि कधी?

दोन्हीपैकी एका ठिकाणी, तुझ्या मर्जीने. घरच्या पत्त्यावर टाकलं तर मतदानाला गावी जावं लागेल, सुटी आणि एसटी दोन्हीचा विचार कर. हॉस्टेलच्या पत्त्यावर टाकायचं तर कॉलेजकडून विद्यार्थी असल्याचा दाखला घे. फॉर्म ६, नवीन नावासाठी तोच. एक फोटो, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, आणि घरातल्या कुणाचा कार्ड नंबर असला तर तो. ऑनलाइन होते, नाहीतर बीएलओकडे, म्हणजे आपल्या केंद्राची यादी सांभाळणाऱ्या बूथ लेव्हल ऑफिसरकडे, कागदावर दे, अडलं तर १९५० ला फोन लाव. सतरा झाल्यावर आधीच अर्ज करता येतो. आता वर्षातून चार तारखा आहे, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, यापैकी ज्या तारखेला अठरा पूर्ण होतील त्या हिशोबाने नाव येते. पूर्वी फक्त १ जानेवारी होती, माझ्या पोराचे २ जानेवारीच्या वाढदिवसाने अख्खं वर्ष गेलं होतं, आजही बोलून दाखवते.

अर्ज केल्यावर जो रेफरन्स नंबर येतो त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेव. बीएलओ चौकशीला येईल तेव्हा हॉस्टेलच्या गेटवर 'असं कोणी नाही' म्हणून परत पाठवतात, वॉर्डनला सांगून ठेव. अर्ज नाकारला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे अपील करता येते, फार कोणी करत नाही.

माझ्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलं होतं. मी गुपचूप घरी आलो. बरोबर केलं का? – लकडगंज

नाही केलं. केंद्राध्यक्षाला सांगायचं, तुमची ओळख पटली की कागदी मतपत्रिका देतात, त्याला टेंडर्ड व्होट म्हणतात, शिक्का मारून बंद लिफाफ्यात वेगळं ठेवतात. ते मशीनच्या मोजणीत धरत नाही हेही सांगून ठेवतो, पण पुढे कोर्टात प्रकरण गेलं तर तोच कागद कामी येते. मी एका ड्युटीवर दोन असे लिफाफे बंद केले होते, दोन्ही माणसं म्हातारी होती, दोघंही हटून बसले होते. तरणे परत जातात.

आईचं वय ८८, गुडघे गेले. लोकसभेला घरी येऊन मत घेतलं, मनपाला कोणीच आलं नाही. आमचं नाव काढलं का?

नाव असेल, सोय नव्हती. ८५ च्या वरच्यांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत २०२४ च्या लोकसभा-विधानसभेला होतं, मनपाला नव्हतं. केंद्रावर न्यायचं, लाइनमधे उभं करू नका, आधी सोडतात. स्वतः बटन दाबणं जमत नसेल तर अठरा वर्षांवरचा सोबती आत नेता येते. साडेसातला केंद्र उघडते, थंडीत म्हाताऱ्या माणसाला नका नेऊ तेव्हा, अकराला उन्हं आली की न्या. फक्त साडेपाचला बंद होते, आणि त्या वेळी जो लाइनमधे उभा असेल त्याचं मत मात्र घ्यावंच लागते.

कार्डावर माझ्या फोटोच्या जागी शेजारच्या काकूंचा फोटो आहे. त्यांच्या कार्डावर माझा नाही, कोण्या तिसऱ्याच बाईचा आहे. – धंतोली

तुम्ही दोघींनी फॉर्म ८ भरा, दुरुस्तीच्या रकान्यात फोटोवर खूण करा. पत्ता बदल, नावातली चूक, हरवलेलं कार्ड, सगळ्याला फॉर्म ८ च आहे. आणि ती तिसरी बाई कोण हे कळलं तर मलाही कळवा.