उन्हाळ्यात झटपट होईल असा थंड जपानी नूडल्सचा पदार्थ कोणता? कसा करायचा?

सोमेन करा. गव्हाच्या, आपल्या शेवयांइतक्या बारीक नूडल्स. जपानात उन्हाळ्यात दुपारी गॅससमोर उभं राहायचा कंटाळा आला की हेच होतं.

आधी त्सुयू, म्हणजे बुडवून खायचं पाणी. एक कप दाशी (जपानी स्वयंपाकातलं पातळ सार), पाव कप सोया सॉस, पाव कप मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड वाइन). एक उकळी आणून फ्रीजमध्ये गार करा. बाजारातली तयार बाटली घेतलीत तर ती बहुधा दाट असते, पाणी घालायला विसरू नका. शाकाहारी असाल तर लेबल वाचाच, कारण दाशीत सहसा सुक्या माशाचा कीस असतो. त्याऐवजी कोम्बू (सुकवलेलं समुद्री शेवाळ) आणि सुके शिताके मशरूम रात्रभर पाण्यात भिजवा, दाशी तयार.

माणशी १०० ग्रॅम सोमेन भरपूर उकळत्या पाण्यात दीड ते दोन मिनिटं, बस. पाण्यात मीठ नको, पिठातच असतं.

खरी गंमत पुढे आहे. चाळणीत ओतून नळाखाली धरा आणि वाफ गेली की दोन्ही हातांनी चक्क कपडे धुतल्यासारख्या चोळा. पांढरट, बुळबुळीत पाणी निघतं. ते स्वच्छ होईपर्यंत थांबू नका, नाहीतर पाच मिनिटांत सगळ्याचा गोळा होतो. मी पहिल्यांदा नुसतं पाणी ओतलं होतं, शेवटी सुरीनं कापून खाल्ल्या.

मग बर्फाच्या पाण्यात. वाटीतल्या गार त्सुयूत किसलेलं आलं आणि कांद्याची पात घाला, घासभर नूडल्स बुडवा आणि सुर्रकन ओढा. आवाज झाला तरी चालतो.